पोटात राहिलेलं पाणी

मुकादमाच्या टोळीत पाणी बसून पीत नसत. हा नियम त्याचा स्वतःचा, आणि त्याचा त्याला इतका अभिमान की नवा माणूस कामावर आला की पहिल्या दिवशी त्याला तोच ऐकवायचा. विजेच्या उंच टॉवरांवर तारा चढवणाऱ्या दुसऱ्या टोळ्या तासाला दहा मिनिटं दगडावर टेकून पाणी प्यायच्या. ह्याने तीन वर्षांपूर्वी ती सुट्टी बंद केली आणि प्रत्येकाच्या पाठीवर पाण्याची पिशवी दिली. पिशवीची नळी खांद्यावरून थेट तोंडाशी. तार ओढता ओढता चोखायची. नळी तोंडात, पाय वाटेवर. महिनाअखेर त्याची टोळी दोन टॉवर पुढे असायची आणि साहेब चारचौघांत त्याची पाठ थोपटायचे. आता तार ओढणं म्हणजे काय, काम जड पण चाल सावकाश. त्या चालीला कुणाच्याही पोटातून पाणी मुकाट खाली उतरतं. पण माणसाला एकदा शाबासकी मिळाली की तो कशाला खोलात जातोय? मुकादमाला वाटायचं, ही सगळी करामत आपल्या नळीची.

त्या दिवशी सकाळी नऊला पठाराच्या कडेला टोळीची जीप उलटली. आत एकटा धाकटा होता. धाकटा म्हणजे मुकादमाचा सख्खा भाऊ, पण भाऊ ‘धाकट्या’ म्हणतो म्हणून सगळी टोळीच त्याला धाकट्या म्हणायची. टॉवरवर चढणारा गडी. साठ मीटर उंचीवर पाय लोंबकळत सोडून डबा खाणारा. आईने मुकादमाला बजावलं होतं की ह्याला खाली ठेव, वर चढवू नकोस. मुकादमाने हो म्हटलं आणि सहा महिन्यांत त्याला वर चढवलं, कारण त्याच्याइतका हलका पाय टोळीत दुसऱ्या कुणाचा नव्हता. घरी दोन खोल्यांत मुकादम, त्याची बायको, दोन मुली आणि हा. वहिनी त्याची कॉट सकाळी भिंतीला उभी करायची आणि रोज म्हणायची की भावोजी, लग्न करा, म्हणजे माझी बाहेरची खोली मोकळी होईल. तो म्हणायचा, वरून एखादी दिसली की सांगतो.

साखळीची पुली लावून जीप उचलली तेव्हा त्याची डावी मांडी चेपलेली होती आणि रक्त थांबत नव्हतं. तळावरच्या सिस्टरने पट्टा काढून मांडीवर वरच्या बाजूला आवळला, त्यात स्क्रू ड्रायव्हर घालून पीळ दिला आणि घड्याळ बघितलं. नऊ वाजून दहा मिनिटं. सिस्टर पन्नाशीची बाई, तीस वर्षं अशाच तळांवर काढलेली, बोलणं कमी. तिने फोनवर डॉक्टरांशी बोलून घेतलं आणि मुकादमाला बाजूला घेतलं. वाऱ्यामुळे हेलिकॉप्टर उडणार नव्हतं. टोळीची दुसरी गाडी कालच सामान आणायला शहरात गेली होती. ॲम्ब्युलन्स पक्का रस्ता संपतो तिथपर्यंत येईल, पुढे चढणार नाही. तिथवर आठ किलोमीटर, आणि उचलून न्यायचं.

“पट्टा आवळलेला आहे तोवर खाली रक्त जात नाही,” ती म्हणाली. “साडेअकराच्या आत गाडीत घातला तर पायाची आशा आहे. त्यानंतर मी पायाचं सांगत नाही. जिवाचं सांगेन, तो वाचेल. पट्टा मात्र कुणी सैल करायचा नाही.”

हे धाकट्याने ऐकलं. तो शुद्धीवर होता, हेच मोठं वाईट. त्याने मुकादमाचा शर्ट धरला.

“दादा, पाय काढू देऊ नकोस. काय वाटेल ते कर. पाय काढला तर मी कोण रे?”

“नाही काढू देत,” मुकादम म्हणाला. “शब्द देतो.”

शब्द द्यायला ह्याचं काय जात होतं? पण त्या क्षणी त्याने दुसरं काही म्हटलं असतं तर तो भाऊ कसला.

दोन लोखंडी पाइप आणि ताडपत्री घेऊन स्ट्रेचर झालं. हाताशी माणसं सहा. मुकादम स्वतः, पैलवान, लांबू, क्रेनवाला, आणि राजा-प्रधान म्हणून ओळखली जाणारी जोडगोळी. त्यांच्यातला राजा कोण आणि प्रधान कोण हे त्यांचं त्यांनाही ठरवता आलं नव्हतं. बाकीची टोळी लांबच्या टॉवरवर, दोन तासांच्या वाटेवर. चौघांनी उचलायचं, दोघांनी मोकळं चालायचं, शंभर पावलांनी मुकादमाची हाक आली की बदलायचं. खांदे बदलायला ही टोळी इतकी सरावलेली की स्ट्रेचर हलायचंही नाही. सिस्टरने निघता निघता एवढंच सांगितलं, की चालायचं, पळायचं नाही, उचलणाऱ्याला बोलता आलं पाहिजे इतकाच वेग ठेवा.

“सिस्टर, तुम्ही पाय बघा,” मुकादम म्हणाला. “चाल मी बघतो.”

साडेनऊला ते निघाले आणि शंभराव्या पावलाला पळत होते.

पहिले तीन किलोमीटर चढाचे, खिंडीपर्यंत. सावली नाही, वारा तोंडावर गरम. मुकादम पुढच्या उजव्या पाइपखाली होता आणि मोजत होता. पावलं, मिनिटं, किलोमीटर, सगळं एकदमच. ह्या वेगाने साडेदहाला पोचतो. साडेदहा म्हणजे तासभर हातात. पाय वाचला. आईला तोंड दाखवता येईल. मागून सिस्टर बॅग घेऊन धापा टाकत येत होती आणि काहीतरी ओरडत होती, पण त्याच्या कानात स्वतःच्याच रक्ताचे ठोके वाजत होते. धाकटा डोळे मिटून दात आवळून पडला होता आणि दर हिसक्याला एकच शब्द म्हणत होता. पळ. पळ दादा.

पैलवानाची पावलं पहिल्यांदा जड झाली. मुकादमाने ओरडून सांगितलं, नळी लाव. पैलवानाने नळी लावली. लांबू कडेला झुकायला लागला, त्यालाही तेच. प्रधान म्हणाला घशाला कोरड पडलीय, तर त्याला म्हणाला की मग पितोस कशाला थेंब थेंब, ओढ चांगलं. स्वतःही ओढत होता. दोन लिटरची पिशवी एरवी दुपारपर्यंत पुरायची, ती खिंड यायच्या आत निम्मी झाली. आणि तरी तोंड लाकडासारखं. हे त्याला कळेना. पाणी तर पितोय आपण, पोट तर टम्म झालंय, पळताना आत डचमळतंय, मग तहान कुठून येतेय? त्याला एकच उपाय ठाऊक होता, तो म्हणजे आणखी पाणी. तीन वर्षं ह्याच उपायावर साहेबांनी त्याची पाठ थोपटली होती.

खिंडीच्या माथ्यावर पैलवान पाइप सोडून दोन पावलं बाजूला गेला आणि वाकला. त्याच्या तोंडातून जे आलं ते नुसतं पाणी होतं, स्वच्छ, जसं प्यायला तसं. लिटरभर तरी असेल. तो तिथेच बसला आणि उठेना. ह्या माणसाने एकदा तारेचं रीळ एकट्याने पाठीवर नेलं होतं.

सिस्टर तेवढ्यात पोचली. तिने पैलवानाच्या मानेला हात लावला, मग लांबूचं पोट बोटांनी दाबून बघितलं आणि मुकादमाकडे वळली.

“पाणी पोटात आहे, अंगात नाही,” ती म्हणाली. “तुम्ही पळवताय, तेव्हा सगळं रक्त मांड्यांत आणि कातडीत जातं. आतड्यांकडे उरत नाही. पोट खालचं दार लावून बसतं. तुम्ही वरून ओतताय आणि ते तिथेच साचतंय. चालवा ह्यांना. वेग उतरला की पाणी आपोआप उतरेल.”

“किती वेळ लागेल?”

“आत्ता थांबलात तर दहा मिनिटं. मग नुसतं चालायचं.”

दहा वाजले होते. दहा मिनिटं देण्यात काहीही जात नव्हतं. अजून पाच किलोमीटर, तेही उताराचे, आणि दीड तास हातात. हे आकडे मुकादमाने नंतर इतक्या वेळा मांडले की त्याच्या डोक्यात त्यांचा खड्डा पडला. पण तेव्हा त्याने भावाकडे बघितलं. धाकट्याची पावलं पांढरी पडली होती, डावं उजव्याहून जास्त. धाकट्याने डोळे उघडले, थांबलो का विचारलं, आणि पाणी मागितलं. सिस्टरने नाही म्हणून मान हलवली, ऑपरेशन होणार होतं. तिने ओला बोळा त्याच्या ओठांवरून फिरवला. सगळ्यांत तहानलेला तो, आणि एकट्या त्यालाच पाणी नव्हतं.

“उताराला काय जातंय,” मुकादम म्हणाला. “चला. पैलवान मागून येईल.”

पैलवान मागून आला नाही. उतारावर पाच जण पळत होते, म्हणजे एकच मोकळा. बदलायला जोडी राहिली नाही. दगडगोट्यांची वाट, टाच टेकली की पोटातलं पाणी वर उसळायचं. राजाने पळता पळताच ओकारी काढली आणि खांदा सोडला नाही, हे त्याचं कौतुक. पुढच्या वळणावर त्याच्या पायात गोळे आले आणि तो पाइप धरूनच गुडघ्यावर बसला. प्रधान त्याच्यापाशी थांबला नाही, त्याची जागा घेतली. इतक्या वर्षांत तो त्याला सोडून पहिल्यांदाच पुढे गेला असेल. चौघे उरले. क्रेनवाला काहीतरी असंबद्ध बोलत होता, उन्हाला शिव्या देत होता की कुणाला ते कळत नव्हतं. मुकादमाचा घाम थांबला होता. त्याला ते बरं वाटलं. अंग थंड होतंय असं वाटलं त्याला, आणि त्याने नळी पुन्हा तोंडात घेतली.

कोण घसरलं हे विचाराल तर मुकादम. दुसरा कुणी नाही. डोळ्यांसमोर काजवे चमकले, उजवा गुडघा वळला, आणि स्ट्रेचरचा तो कोपरा जमिनीवर आपटला. धाकटा ओरडला. तसं ओरडणं मुकादमाने आयुष्यात ऐकलं नव्हतं, जीप अंगावर होती तेव्हाही तो असा ओरडला नव्हता. स्क्रू ड्रायव्हर सुटला, पट्टा सैल पडला आणि ताडपत्री लाल झाली. सिस्टर धावत आली ती सरळ गुडघ्यांवर पडली, दोन्ही मुठी मांडीत रोवल्या, लांबूला पीळ द्यायला लावला. रक्त थांबेपर्यंत धाकट्याचा चेहरा राखेच्या रंगाचा झाला होता.

मुकादम ओकला. सगळं पाणी आलं. तीन वर्षांची शेखीच जणू वाटेवर पडली होती, आणि माती ती मुकाट पीत होती.

तो उठायला गेला आणि पाय उचलेनात. त्याने हुकूम सोडला, उचला. कुणी हललं नाही. कुणी उद्धटपणा केला नाही, ते फक्त हलू शकत नव्हते. क्रेनवाला आडवा पडून आकाशाकडे बघत होता. मुकादम मग विनवायला लागला. तो पाया पडतो म्हणाला, लांबूचा हात धरून ओढला, आणि लांबू लहान मुलासारखा रडला, पण उठला नाही.

सिस्टरने तेव्हा ताबा घेतला. नळ्या सगळ्यांच्या काढून घेतल्या. एका बाटलीत मीठ आणि साखर घातली, झाकणाने मोजून प्रत्येकाला घोट घोट दिला आणि बॅगेतली चादर ताणून सगळ्यांच्या डोक्यांवर सावली केली. अर्धा तास, ती म्हणाली. त्याआधी जो उठेल तो पुन्हा पडेल, आणि पुन्हा आपटलं तर हा जगणार नाही.

तो अर्धा तास मुकादम भावाच्या उशाशी बसून होता. सूर्य हलत नव्हता, घड्याळ पळत होतं. तो असहाय होता, म्हणजे हात शाबूत, पाय शाबूत, भाऊ समोर, रस्ता समोर, आणि स्वतःच्या पोटातून झाकणभर पाणी खाली उतरायची वाट बघत बसायचं. त्याने देवाचं नाव घेऊन बघितलं. आईची आठवण काढून बघितली, ती मधेच थांबवली. वीस मिनिटांनी त्याला घाम फुटला. बोटं सुटायला लागली. तोंडात लाळ आली. बसलेल्या माणसाचं शरीर न सांगता सगळं करतं, हे त्याला त्या दगडावर बसून कळलं. आणि कळलं तेव्हा त्याच्या डोक्यात तो आकडा मांडला गेला. साडेनऊला निघून नुसते चालले असते, खिंडीत दहा मिनिटं बसले असते, सहाच्या सहा माणसं उभी राहिली असती, तर सव्वाअकराला खाली पोचले असते. सव्वाअकराला. आत्ता अकरा वाजले होते आणि अजून साडेतीन किलोमीटर होते.

ते उठले तेव्हा सिस्टर पुढे चालत होती आणि तिच्यापुढे कुणी पाऊल टाकायचं नाही असा हुकूम होता. ती मोठ्याने बोलत चालली. प्रत्येकाला त्याच्या घरचं विचारायची आणि उत्तर द्यायला लावायची. ज्याला बोलताना धाप लागली त्याच्यासाठी सगळे थांबत. दर दहा मिनिटांनी स्ट्रेचर खाली, दोन घोट, पुन्हा वर. साडेअकरा वाटेतच वाजले. मुकादमाने घड्याळ बघितलं. खांद्यावरचं ओझं तेवढंच होतं, पण आता त्यातला एक भाग गेलेला होता हे त्याला ठाऊक होतं, आणि तो चालत होता. पळावंसं वाटत होतं. कुणीतरी आतून ढकलत होतं. त्या दीड तासात न पळणं हे त्याने आयुष्यात केलेलं सगळ्यांत अवघड काम.

बारा चाळीसला ॲम्ब्युलन्स दिसली. डॉक्टर तरुण होता, त्याने पावलावर हात ठेवला, बोटं दाबली, नखं बघितली, आणि पट्टा कधी बांधला विचारलं. सिस्टरने सांगितलं. डॉक्टरने घड्याळाकडे बघितलं आणि मग तिच्याकडे.

“साडेतीन तास? आठ किलोमीटरला?”

सिस्टर गप्प राहिली. ती बोलली असती तर वाट खराब होती म्हणाली असती, ऊन होतं म्हणाली असती, आणि ते खोटंही नव्हतं. मुकादमाला तिचं गप्प राहणं दिसलं. धाकटा त्या क्षणी डोळे उघडून डॉक्टरला सांगत होता, अगदी अभिमानाने, की माझा भाऊ मला पळत घेऊन आलाय, खिंडीपर्यंत तर वाऱ्यासारखा.

“पळालो म्हणूनच उशीर झाला,” मुकादम म्हणाला.

धाकट्याला पहिल्यांदा कळलं नाही. मुकादमाने त्याच्याजवळ जाऊन, त्याच्या कानाशी वाकून, पुन्हा सांगितलं. सिस्टर चाला म्हणत होती, मी पळवलं. माणसं पडली. मी तुला पाडलं. चाललो असतो तर सव्वाअकराला इथे असतो.

डॉक्टरने एक कागद पुढे केला. पाय वाचवायचा प्रयत्न करू, पण रक्त फार गेलंय, मेलेल्या मांसातलं विष अंगभर पसरलं तर हा माणूस हाती लागणार नाही, तेव्हा काढायची वेळ आली तर परवानगी आत्ताच हवी. तो धाकट्याशी बोलत होता, कारण कायद्याने आधी रुग्णालाच विचारावं लागतं. पेन धाकट्याच्या बोटांत दिलं. धाकट्याने ते बराच वेळ धरलं. मग भावाकडे बघितलं. त्या नजरेत राग असता तर मुकादमाला बरं वाटलं असतं.

“चाल तू बघणार होतास ना, दादा,” तो म्हणाला. “सही पण तूच कर.”

पेन त्याने मुकादमाच्या हातात दिलं आणि तोंड दुसरीकडे फिरवलं. सिस्टरने कागदाखाली आपली बॅग धरली. नाव, रुग्णाशी नातं, वेळ. नात्याच्या जागी त्याने ‘भाऊ’ लिहिलं, वेळेच्या जागी बारा पन्नास, आणि खाली सही केली.